दाखला काढण्याआधी नवी शाळा पाहून या

चौथी किंवा सातवीचं वर्ष संपत आलं की मोडनिंब आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर दरवर्षी तेच प्रश्न कानावर येतात. गावातल्याच हायस्कूलला घालावं का टेंभुर्णी, कुर्डुवाडी, पंढरपूरला पाठवावं? सेमी घ्यावं का नको? इंग्लिश मीडियमची गाडी दारात येते, मग तीच बरी नाही का? बहुतेक घरांत निर्णय होतो तो भावकीतला कुणाचा मुलगा कुठे जातो यावर, किंवा चौकातल्या निकालाच्या फ्लेक्सवर. शाळेत स्वतः जाऊन, वर्गात डोकावून, चार प्रश्न विचारून प्रवेश घेणारे पालक फार कमी. शेतात बोअर घ्यायचं तर आपण दहा जणांना विचारतो. मुलाची पुढची पाच-सहा वर्षं मात्र ऐकीव माहितीवर सोपवतो.

शाळा पाहताना एकच गोष्ट मनाशी पक्की धरा. पहिल्या बाकावरची हुशार मुलं कुठेही पुढे जातात. या शाळेत मधल्या आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाचं काय होतं, ते तुम्हाला पाहायचं आहे. पुढचे सगळे प्रश्न त्यासाठीच आहेत.

कधी जावं

मे महिन्यात जाऊन उपयोग नाही. शाळा बंद असते. फी आणि गाडी सोडून काही कळत नाही. स्नेहसंमेलनाच्या दिवशी शाळा सजलेली असते, तेव्हाही नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळा बोर्डाचं परीक्षा केंद्र असेल तर खालच्या वर्गांचं वेळापत्रक विस्कटलेलं असतं. जानेवारीतला साधा कामाचा दिवस सगळ्यात बरा. हुकला, तर जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात जा. आठवीपर्यंतच्या वर्गाला ठरलेली तारीख उलटून गेली म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायद्यात (२००९) लिहिलेलं आहे.

मुख्याध्यापकांना आधी फोन करा आणि 'एखादा तास चालू असताना वर्ग बाहेरून पाहू द्याल का?' असं सरळ विचारा. चांगल्या शाळेला यात अडचण वाटत नाही. शक्य असेल तर आई आणि वडील दोघंही जा, आणि मुलाला किंवा मुलीला बरोबर न्या. मोठ्यांच्या नजरेतून निसटणाऱ्या गोष्टी मुलं नेमक्या टिपतात.

मान्यता कितवीपर्यंत, आणि कोणत्या मंडळाची?

हा प्रश्न पहिला, कारण इथे फसवणूक झाली तर नंतर दुरुस्ती अवघड असते. पाटीवर 'सीबीएसई पॅटर्न' लिहिलेलं असलं म्हणजे शाळा सीबीएसईशी संलग्न आहे असं नव्हे. संलग्न शाळेला संलग्नता क्रमांक असतो, आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर टाकून पाहता येतो. राज्य मंडळाच्या शाळेला दहावीसाठी स्वतःचा इंडेक्स क्रमांक असतो. काही शाळांना मान्यता आठवीपर्यंतचीच असते. नववी-दहावीची मुलं वर्गात बसतात तिथे, पण त्यांची नावं दुसऱ्याच शाळेच्या पटावर असतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आणि दाखल्यावर मग भलत्याच शाळेचं नाव येतं.

म्हणून कार्यालयात हे विचारा:

- शाळा अनुदानित, अंशतः अनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित?
- मान्यतापत्र कितवीपर्यंतचं आहे? ते पाहायला मिळेल का?
- शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक) काय?
- दहावीचे अर्ज याच शाळेच्या इंडेक्स क्रमांकावर भरले जातात का?

मान्यतेशिवाय शाळा चालवणं हा आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी दंडनीय गुन्हा आहे. दंड एक लाखापर्यंत जाऊ शकतो. पण दंड संस्थेला होतो, वर्ष मात्र मुलाचं जातं.

'१०० टक्के निकाल' कसा वाचायचा

सोलापूर जिल्ह्याची दहावी पुणे विभागीय मंडळाकडे आहे. निकालाच्या दिवशी प्रत्येक शाळेचा तक्ता निघतो: नोंदणी किती, परीक्षेला बसले किती, विशेष प्रावीण्यात किती, प्रथम श्रेणीत किती, उत्तीर्ण किती. फ्लेक्सवर यातला शेवटचा आकडा आणि पहिल्या तीन मुलांचे फोटो येतात. तुम्ही मागायचा आकडा या तक्त्यातही नसतो. तो असा: दहावीची ही तुकडी आठवीत असताना पटावर किती मुलं होती?

समजा, आठवीत ६० होती. दहावीला ४१ बसली आणि ४१ उत्तीर्ण झाली. निकाल १०० टक्केच लागला. मधली १९ कुठे गेली? काही कुटुंबं कामासाठी गाव सोडतात, काही मुलं शाळा बदलतात, हे खरं आहे. पण काही ठिकाणी नववीत अडखळणाऱ्या मुलाच्या पालकांना बोलावून 'दाखला घेऊन जा, सतरा नंबरचा फॉर्म भरा' असं सांगितलं जातं. सतरा नंबरचा अर्ज शाळा सुटलेल्यांना बाहेरून दहावी देता यावी म्हणून आहे, आणि त्याने अनेकांची अडलेली दहावी पूर्ण झाली आहे. शाळेचा निकाल राखण्यासाठी कच्च्या मुलाला त्या वाटेला लावणं हा त्या मुलावर अन्याय आहे. असं करणाऱ्या शाळेचा १०० टक्के निकाल तुमच्या मुलाच्या काही कामाचा नाही, कारण नववीत तुमचं मूल कोणत्या बाजूला असेल हे आज कुणीच सांगू शकत नाही.

हा प्रश्न विचारल्यावर मुख्याध्यापक काय करतात ते नीट पाहा. कुणी हजेरीपट काढून एकेका मुलाचं सांगतात: दोघं पुण्याला गेली, एकीचं लग्न होणार होतं ते आम्ही घरी जाऊन थांबवलं, एकजण कामाला लागला. अशा शाळेवर विश्वास ठेवायला हरकत नाही. कुणी विषय बदलून बक्षिसांच्या कपाटाकडे नेतात. तिथे थोडं थांबून पुन्हा तोच प्रश्न विचारा.

आठवीबद्दलही विचारा. आठवीपर्यंत कुणालाही नापास करत नाहीत, ही समजूत आता जुनी झाली. २०२३ च्या नियमबदलानंतर राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे; नापास झाल्यास फेरपरीक्षा, आणि त्यातही न जमल्यास त्याच वर्गात बसावं लागतं. शाळेतून काढून मात्र टाकता येत नाही. फेरपरीक्षेआधी शाळा जादा तास घेते का, हे विचारून घ्या.

इमारत नंतर, शिक्षक आधी

आपल्याच माढा तालुक्यात परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा आहे. रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ मध्ये तिथे रुजू झाले तेव्हा एका बाजूला जनावरांचा गोठा आणि दुसऱ्या बाजूला सामानाची खोली, अशी ती मोडकळीला आलेली इमारत होती. त्या वाडीतल्या कामावर २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड देण्याची तिथली कल्पना राज्यभर पोचली. शाळा प्राथमिक असली तरी माध्यमिक शाळा शोधणाऱ्या पालकानेही हे उदाहरण लक्षात ठेवावं. रंगवलेली कमान आणि चकचकीत फरशी पाहून मत बनवू नका.

माध्यमिकमध्ये तीन विषय शाळा तोलतात: गणित, विज्ञान, इंग्रजी. ते कोण शिकवतं, त्यांचं शिक्षण कोणत्या विषयात झालं, ते कायम आहेत की तासिका तत्त्वावर, आणि गेल्या तीन वर्षांत त्या विषयाचे शिक्षक किती वेळा बदलले, हे विचारा. अंशतः अनुदानित आणि विनाअनुदानित शाळांत पगार अपुरा असल्याने शिक्षक मध्येच सोडून जातात. यात त्यांचा दोष नाही, पण बीजगणित अर्ध्यावर राहतं ते तुमच्या मुलाचं.

यानंतर दोन गोष्टी डोळ्यांनी पाहा.

एक, वह्या. नववीच्या वर्गातल्या दोन-तीन गणिताच्या वह्या मागा, आणि त्या हुशार मुलांच्या नकोत. पानाच्या शेवटी नुसती बरोबरची खूण आणि सही आहे, का चुकलेल्या पायरीजवळ लाल शाईने काही लिहिलं आहे? वजाबाकीचं चिन्ह विसरलं तिथे गोल केलेला आहे का? मुलाने ते गणित खाली पुन्हा सोडवलं आहे का? सप्टेंबरनंतर वही तपासलीच नसेल, तर तेही लगेच दिसतं. शाळेबद्दल इतकं खरं सांगणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही.

दुसरी, प्रयोगशाळा. कुलूप उघडायला किती वेळ लागतो, ते पाहा. बेसिनचा नळ सोडून पाहा, पाणी येतं का. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचता येतात का? परीक्षानळ्यांवर वापराचे डाग आहेत, की खोक्यातला पेंढाही निघालेला नाही? मुलांच्या प्रयोगवहीतली निरीक्षणं सगळ्यांची हुबेहूब सारखी असतील, तर ती फळ्यावरून उतरवलेली आहेत. विज्ञानाचे प्रयोगाचे गुण बहुतेक सगळ्यांना मिळतात. पण प्रयोग न करता दहावी झालेलं मूल अकरावी सायन्सला गेल्यावर गोंधळून जातं.

ग्रंथालय, संगणक कक्ष, मैदान यांसाठी एकच प्रश्न पुरे: 'या आठवड्यात आठवीच्या वर्गाने हे कधी वापरलं?' हा प्रश्न शिक्षकांना न विचारता मुलांना विचारा.

सेमी इंग्रजी घ्यायचं का?

सेमीमध्ये गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी विषय मराठीतून. पुढे सायन्स, डिप्लोमा, नर्सिंग, इंजिनिअरिंगकडे जायचं असेल तर याचा उपयोग होतो; पारिभाषिक शब्द आधीच कानावर पडलेले असतात. पण शाळेत सेमीची तुकडी आहे एवढ्यावर भुलू नका. त्या तुकडीचा विज्ञानाचा तास बाहेरून ऐका. शिक्षक संकल्पना मराठीत समजावून इंग्रजी शब्द फळ्यावर लिहीत असतील, मुलं मराठीत शंका विचारत असतील, तर ती चांगली सेमी आहे. पुस्तकातली इंग्रजी वाक्यं वाचून घेणं आणि प्रश्नोत्तरं पाठ करून घेणं एवढंच चालू असेल, तर त्यापेक्षा मराठीतून पक्कं शिकलेलं मूल कितीतरी पुढे जातं.

आणखी दोन गोष्टी विचारा: मधेच झेपलं नाही तर मराठी तुकडीत बदली मिळते का, आणि सेमीची तुकडी फक्त गुणांवर निवडतात का? 'हुशारांची सेमी, उरलेल्यांची मराठी' अशी वाटणी असेल तर चांगले शिक्षकही तिकडेच दिलेले असतात. म्हणजे शाळा दोन आहेत, आणि तुमचं मूल त्यातल्या कोणत्या शाळेत जाणार ते तुम्हाला कळायला हवं.

शाळेचा रस्ता, आणि मुलीची शाळा

मुलीची शाळा अभ्यासापेक्षा रस्त्यापायी जास्त वेळा सुटते, असं माझं मत आहे. अरण, वरवडे, तुळशी, जाधववाडी अशा गावांहून किंवा त्यांच्या वस्त्यांवरून येणारी मुलं एसटीने, सायकलने, चालत येतात. काहींना पुणे-सोलापूर महामार्ग ओलांडावा लागतो. प्रवेशाआधी तो रस्ता शाळेच्या वेळेला एकदा मुलांबरोबर चालून या. संध्याकाळची एसटी शाळा सुटल्यावर किती वेळाने आहे? जादा तास असेल त्या दिवशी ती चुकते का? मधल्या वेळात मुली कुठे थांबतात?

- अहिल्याबाई होळकर योजनेतून ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. इतर विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. शाळेकडून यादी गेली की पास शाळेतच देण्याची मोहीम एसटीने २०२४ पासून सुरू केली. शाळा अशी यादी पाठवते का, ते विचारा.
- शाळेची गाडी असेल तर तिच्यावर मदतनीस हवा, आणि मुली असतील तर महिला मदतनीस. शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी. जीपमध्ये कोंबून मुलं नेणाऱ्या गाडीला फक्त स्वस्त पडते म्हणून होकार देऊ नका.
- मुलींचं स्वच्छतागृह आईने स्वतः आत जाऊन पाहावं. कडी लागते का, पाणी आहे का, दुपारी कुलूप तर नसतं ना? आपल्याकडे एप्रिल-मेच्या तोंडावर टाकी कोरडी पडते; तेव्हा शाळा काय करते, हेही विचारा. पाणी पिणंच टाळणाऱ्या मुली दुपारनंतर डोकं दुखतं म्हणून बसून असतात, आणि पाळीच्या दिवसांत घरी राहतात.
- प्रत्येक शाळेत तक्रारपेटी आणि मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती हवी. समितीचा आदेश २०२२ चा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झाल्यावर सरकारने सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी आणि तक्रारपेटी नियमित उघडणं यांबद्दल पुन्हा आदेश काढले. पेटी भिंतीवर आहे का एवढं पाहून थांबू नका. ती शेवटची कुणासमोर उघडली, ते विचारा. मुलांच्या मदतीचा १०९८ हा क्रमांक शाळेत दिसेल अशा जागी लिहिलेला हवा.

शाळेत मारतात का, हे मुलांकडून कळतं. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना कायद्याने बंदी आहे. 'आमच्याकडे शिस्त कडक आहे' असं कौतुकाने सांगितलं गेलं तर त्या शिस्तीत नेमकं काय येतं, ते विचारून घ्या.

पैशाचं बोलणं आधी

अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शुल्क नाही. प्रवेशासाठी देणगी किंवा 'इमारत निधी' मागणं १९८७ च्या राज्य कायद्याने बेकायदा आहे. आठवीपर्यंत प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची चाचणी घेणंही शिक्षण हक्क कायद्यात बसत नाही. खासगी शाळेची फी २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याखाली पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मांडून ठरते, आणि ठरलेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. म्हणून फीचा आकडा तोंडी घेऊ नका. समितीने मान्य केलेला तक्ता मागा आणि त्यात गाडी, परीक्षा, स्नेहसंमेलन, सहल, संगणक हे सगळं मिळवून वर्षाची बेरीज करा. वह्या, गणवेश, बूट ठरावीक दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळेला करता येत नाही. जे पैसे द्याल त्याची पावती घ्या. पावती नसलेला पैसा देऊ नका.

एक गैरसमज फार महाग पडतो. शिक्षण हक्क कायद्यातले २५ टक्के मोफत प्रवेश फक्त सुरुवातीच्या वर्गाला मिळतात. पाचवीला किंवा आठवीला मिळत नाहीत. आणि ज्यांना ते मिळालेत त्यांची मोफत सोय आठवीला संपते. नववीला पूर्ण फी भरावी लागेल की शाळा बदलावी लागेल, हे सातवीतच ठरवा.

शिष्यवृत्ती आणि नवोदय

आठवीत होणाऱ्या एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेतून निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. त्यासाठी पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि मूल शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असावं. विनाअनुदानित शाळेतल्या मुलाला ही परीक्षा देता येत नाही. इंग्लिश मीडियमचा विचार करताना फीच्या आकड्यात हे ४८,००० धरायला लोक विसरतात. शाळेतली किती मुलं गेल्या वर्षी या परीक्षेला बसली आणि किती निवडली गेली, हे विचारा. बसवणारे शिक्षक असले की शाळा जागी असते.

मूल पाचवीत असेल तर जवाहर नवोदय विद्यालयाचा अर्ज भरा. सोलापूर जिल्ह्याचं नवोदय शेजारच्या मोहोळ तालुक्यात पोखरापूरला आहे. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीत परीक्षा होते आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. नववीला थोड्या रिकाम्या जागांसाठी वेगळी परीक्षा असते. मूल वसतिगृहात राहील का, याचा विचार निकालानंतर करत बसण्यापेक्षा अर्ज भरतानाच करा.

मुलाला दिसण्यात, ऐकण्यात, शिकण्यात अडचण असेल तर ते लपवू नका. प्रवेशाच्या वेळीच सांगा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर दहावीला वाढीव वेळेसारख्या सवलती मिळतात, पण त्याची कागदपत्रं शाळेने वेळेत पाठवावी लागतात.

दाखला आणि तक्रार

शाळा ठरली की जुन्या शाळेतून दाखला काढताना तो तिथेच उभं राहून वाचा. मुलाचं नाव, आईचं नाव, आडनावातले ऱ्हस्व-दीर्घ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मगाव, जात-पोटजात, हे सगळं शाळेच्या जनरल रजिस्टरशी ताडून पाहा. दुरुस्ती मूल शाळेत असतानाच करून घ्यावी लागते. शाळा सोडल्यावर ती फार जिकिरीची होते, आणि जातीचा दाखला काढताना, जात पडताळणीला नेमकी तीच चूक अडवते. दाखल्याच्या दोन-तीन झेरॉक्स घरी ठेवा.

आठवीपर्यंत दुसऱ्या शासकीय किंवा अनुदानित शाळेत बदली मागणं हा मुलाचा हक्क आहे. जुन्या शाळेने दाखला लगेच द्यायला हवा. तो यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने मुलाला बाहेर ठेवायचं नाही.

अडवणूक झालीच तर हा क्रम धरा:

- आधी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी वाद घालू नका.
- पहिली ते आठवीच्या बाबतीत केंद्रप्रमुख, मग माढा पंचायत समितीचे गटशिक्षणाधिकारी.
- नववी-दहावीच्या बाबतीत सोलापूर जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (माध्यमिक).
- अनुदानित शाळेची पटसंख्या, शिक्षकांची मंजूर आणि भरलेली पदं हवी असतील तर माहिती अधिकारात १० रुपयांचं शुल्क लावून अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर मिळायला हवं. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांना शुल्क नाही.

अर्जावर मुलाचं नाव, इयत्ता, यू-डायस क्रमांक आणि नेमकी तारीख लिहा. 'शाळा त्रास देते' असं मोघम लिहिलेल्या अर्जावर काही होत नाही. 'अमुक तारखेला दाखला मागितला, अमुक कारण सांगून नाकारला' असं लिहिलंत तर अधिकाऱ्याला उत्तर द्यावंच लागतं.